राजवैभवाच्या मोटारी : तसबीर आणि मोल

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेकडे, पैनगंगेच्या खोऱ्यातील ढाणकीसारख्या गावी पोळा हा बैलांच्या वैभवाचा दिवस होय. आदल्या सायंकाळी त्यांची खांदेमळणी होते. सकाळी त्यांना नदीनाल्यावर न्हाऊ घालतात. मग शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळा आणि पाठीवर झूल चढते. तोरणाखाली रांग उभी राहिली आणि झडत्यांचा गजर सुरू झाला म्हणजे म्हातारा बैलही त्या घटकेस राजबिंडा दिसतो. परंतु तोच बैल पुढे बाजारात उभा राहिला म्हणजे गिऱ्हाईक झुलीकडे ढुंकूनही पाहत नाही. तो बैलाचे तोंड उघडतो व दात पाहतो. अदंत, दोनदाती, चारदाती, जुळलेला, अशी त्याची परीक्षा होते; खूर, खांदा आणि चाल पाहिली जाते; आणि मग जो आकडा रुमालाखाली बोटांवर सांगितला जातो त्याचा पोळ्याच्या शृंगाराशी काही संबंध नसतो.

शृंगार वेगळा आणि मोल वेगळे, ही गोष्ट शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाही. परंतु ज्यांना ती शिकावयास फार मोठी किंमत द्यावी लागली, असा एक वर्ग विसाव्या शतकातील हिंदुस्थानात होता. तो वर्ग म्हणजे संस्थानिकांचा. आणि ज्या वस्तूने त्यांना हा धडा दिला ती वस्तू म्हणजे मोटारगाडी. छायाचित्रात अद्वितीय दिसणारी गाडी विकावयास काढली असता तिला गिऱ्हाईक का मिळू नये, या साध्या प्रश्नात एका युगाच्या अस्ताचा इतिहास साठलेला आहे.

या इतिहासाशी ढाणकीचा संबंध दूरचा नाही. ज्या वऱ्हाड प्रांतात हे गाव येते, तो प्रांत कायद्याच्या कागदावर दीर्घकाळ हैदराबादच्या निजामाचा होता. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत नवा करार झाला आणि वर्षाकाठी २५ लाख रुपये खंड ठरवून हा मुलूख इंग्रज सरकारने कायमच्या पट्ट्याने घेतला. पुढच्याच वर्षी तो मध्यप्रांतास जोडण्यात आला. १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाणारा हा भाग यवतमाळ जिल्हा झाला. कारभार इंग्रजांचा, स्वामित्व निजामाचे आणि कापूस मात्र येथील काळ्या मातीचा, अशी ती विलक्षण व्यवस्था होती. १९३६ च्या कराराने निजामास ‘हैदराबाद व बेरारचे निजाम’ आणि त्यांच्या वडील चिरंजीवांस ‘बेरारचे युवराज’ असा किताबही मिळाला. पैनगंगेच्या पलीकडे हदगावच्या बाजूस तर प्रत्यक्ष निजामाचाच अंमल होता. तेव्हा निजामाच्या मोटारखान्याची कथा ही वऱ्हाडच्या दृष्टीने आपल्याच एका नामधारी धन्याची कथा होय.

मोटारगाडी या देशात आली ती प्रथम कुतूहलाची वस्तू म्हणून. येथले रस्ते, येथली धूळ, येथले घाट तिला झेपतील काय, याची शंका सर्वांनाच होती. ती शंका दूर करण्याचा एक प्रसिद्ध प्रसंग महाराष्ट्राच्या भूमीवरच घडला. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर मोटारींची कसोटी घेण्यात आली. अंतर ६२० मैलांचे. वाटेत सहा घाट. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ म्हणजे पूर्वेचे मोती या नावाची एक रोल्स-रॉइस गाडी तीत उतरली, न अडखळता सारा मार्ग चालून आली आणि अजिंक्य ठरली. ती गाडी पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०७ मध्ये, याच जातीच्या एका रुपेरी गाडीने विलायतेत १४,३७१ मैलांची कसोटी पार पाडली होती आणि ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव त्या जातीस कायमचे चिकटले होते. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. रोल्स-रॉइसची कीर्ती मूळची झुलीवरची नव्हती. ती दातांवरची होती. घाट चढून दाखविल्यावर मग ती राजद्वारी गेली.

राजद्वारी गेल्यावर मात्र तिचे स्वरूप पालटले. त्या काळी कारखाना केवळ यंत्र व सांगाडा पुरवी. त्यावरील साटा निराळे कारागीर गिऱ्हाइकाच्या इच्छेप्रमाणे बांधून देत. सिल्व्हर घोस्टच्या नुसत्या सांगाड्याची किंमत पहिल्या महायुद्धापूर्वी सुमारे ९८५ पौंड होती. पौंडास १५ रुपये या तत्कालीन दराने हे १४,७७५ रुपये होतात. वऱ्हाडच्या खंडाचे २५ लाख याच मापाने मोजले तर त्यांत वर्षाकाठी असे १६९ सांगाडे आले असते. हा हिशेब केवळ तुलनेसाठी आहे. परंतु एका प्रांताच्या खंडाची आणि एका ऐषआरामाच्या वस्तूची मापे शेजारी ठेवली म्हणजे संस्थानी वैभवाचा पाया कशात होता हे स्पष्ट दिसते.

हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी अशाच एका सिल्व्हर घोस्टची मागणी विलायतेस नोंदविली. साटा बांधण्याचे काम लंडनच्या बार्कर कंपनीकडे होते. गाडीचा रंग पिवळा, माथ्यावर घुमटाकार छत्र आणि मागे बसावयास साधी बैठक नव्हे, तर उंच सिंहासन. म्हणूनच तिला पुढे ‘सिंहासन-मोटार’ हे नाव पडले. परंतु दैवाची योजना निराळी होती. १९११ च्या ऑगस्टमध्ये महबूब अली खान निवर्तले आणि गाडी आली ती त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या दाराशी. सातवे निजाम हे काटकसरीबद्दल विख्यात. ही गाडी केवळ समारंभासाठी राखून ठेवण्यात आली. तिची एकंदर धाव अवघी ३५६ मैल भरली असे सांगतात. एवढ्या अंतरात ढाणकीहून मुंबईही गाठता यावयाची नाही! ज्या जातीच्या गाडीने एका दमात हजारो मैल कापून नाव कमावले, तिच्याच एका भगिनीच्या वाट्यास पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली उभे राहणे आले.

मोटारीची कथा छायाचित्राच्या कथेशी येथे येऊन मिळते. कारण जी गाडी धावावयाची नाही ती दिसावयाची असते, आणि दिसण्याचे साधन म्हणजे छायाचित्र. हैदराबाद दरबारास या कलेचे महत्त्व फार आधी कळले होते. सरधना येथे १८४४ साली जन्मलेले आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत असता छायाचित्रणाकडे वळलेले लाला दीनदयाळ हे महबूब अली खानांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांस ‘राजा’ हा किताब दिला. राजवाडे, शिकारी, लष्करी कवाइती, पाहुण्यांच्या मेजवान्या हे सारे त्यांच्या काचफलकांवर उतरले. दीनदयाळ १९०५ साली वारले. सिंहासन-मोटार त्यांच्या दृष्टीस पडली नाही. परंतु वैभव हे जितके भोगावयाचे तितकेच टिपून ठेवावयाचे असते, ही दृष्टी त्यांनी दरबाराला दिली होती.

मोटारीचे छायाचित्र घेणे हेही एक शास्त्रच आहे. विलायतेतील साटे बांधणारे कारागीर गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करण्यापूर्वी तिची तसबीर घेऊन संग्रही ठेवीत. गाडी बाजूने उभी करावयाची, म्हणजे तिची लांबी भरून दिसते. यंत्र किंचित खाली ठेवावयाचे, म्हणजे गाडी उंच व भारदस्त भासते. कडक उन्हात चकाकत्या पत्र्यावर डोळे दिपविणारे ठिपके उमटतात. म्हणून सकाळचा वा सायंकाळचा मऊ प्रकाश पाहावयाचा. पाठीमागे कमान, स्तंभ अथवा हिरवळ असली की झाले. अशा रीतीने टिपलेल्या प्रतिमेत वस्तूचे सौंदर्य सर्वांशाने उतरते, यात शंका नाही.

परंतु छायाचित्राला तोंड उघडून दात पाहता येत नाहीत. साट्याच्या आतील लाकडी चौकटीस वाळवी लागली आहे काय, हे त्यात दिसत नाही. उभ्या उभ्या टायरांचे रबर तडकले आहे, चामड्याच्या गाद्या उंदरांनी कुरतडल्या आहेत, यंत्राच्या पोटात गंज साचला आहे, यांपैकी काहीच तसबिरीत उतरत नाही. गाडीचे कागद कोणाच्या नावे आहेत, हे तर कोणत्याच भिंगातून दिसावयाचे नाही. छायाचित्र खोटे बोलत नाही. ते फक्त जे विचारले तेवढेच सांगते. आणि बाजार नेमके तेच विचारतो जे छायाचित्राला ठाऊक नसते.

१९३७ साली, सातव्या निजामांच्या रौप्यमहोत्सवाच्या सुमारास, अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. जगातील सर्वांत धनाढ्य पुरुष अशी त्यांची ख्याती सर्वत्र पसरली. त्यानंतर अवघ्या ११ वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या आणि संस्थानाचा स्वतंत्र कारभार संपुष्टात आला. १९५६ च्या प्रांतरचनेत पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील मराठी मुलूख एकाच राज्यात आले. निजाम खासगी धनी म्हणून उरले. १९६७ च्या फेब्रुवारीत ते वारले, तेव्हा त्यांचे नातू मुकर्रम जाह यांच्या माथी जो वारसा आला त्यात रत्ने होती, राजवाडे होते, चौदा हजारांहून अधिक आश्रित-नोकर होते आणि एक मोटारखाना होता.

या मोटारखान्याची अवस्था म्हणजे साऱ्या संस्थानी युगाचे सार होय. तेथे सुमारे ६० गाड्या होत्या. त्यांच्या पेट्रोलवर आणि सुट्या भागांवर दरसाल मोठी रक्कम खर्ची पडत होती. आणि प्रत्यक्षात चालू स्थितीत होत्या त्या फक्त चार! नव्या धन्याने या गाड्या भाड्याने देणारी कंपनी काढण्याचा बेत केला, परंतु तो लवकरच ढासळला. तसबिरींत जी संपत्ती भासत होती ती हिशेबाच्या वहीत खर्चाच्या बाजूस निघाली. ६० बैल गोठ्यात आणि नांगराला चार, अशा शेतकऱ्याची जी गत व्हावी तीच एका राजवंशाची झाली.

असे का व्हावे? दुर्मिळ वस्तूला मोल असते, हा तर व्यवहाराचा सामान्य नियम. मग या गाड्यांचे मोल का ढासळले? याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण असे की, या गाड्या एकेका माणसासाठी बांधलेल्या होत्या. सिंहासन-मोटारीत सिंहासन आहे. पण सिंहासनावर बसणारा उरला नाही तर त्या बैठकीचे दुसऱ्याने काय करावे? पडदानशीन स्त्रियांसाठी गडद काचा, शिकारीसाठी प्रखर दिवे व बंदुका ठेवण्याच्या जागा, मिरवणुकीसाठी छत्रचामरे धरणाऱ्यांच्या पायऱ्या, हे सारे विशिष्ट जीवनपद्धतीचे अवयव होते. ती पद्धती गेली आणि अवयव निरर्थक झाले. वकील, डॉक्टर वा व्यापारी यांस हवी होती ती कमी पेट्रोल पिणारी, अरुंद गल्लीत वळणारी, जिचे भाग बाजारात मिळतील अशी गाडी. म्हणून स्वातंत्र्योत्तर काळात फियाटसारख्या लहान गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबले, आणि त्याच वेळी सात लिटरांहून मोठ्या यंत्राची राजगाडी अंगणात गंजत पडली.

दुसरे कारण, विकणारे सारे एकदम बाजारात उतरले. या देशात एकेकाळी रोल्स-रॉइस गाड्याच आठशेच्या वर आल्या होत्या असे सांगतात. इतर उंची गाड्या निराळ्याच. १९४७ ते १९४९ या काळात संस्थाने विलीन झाली. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने तनखेही बंद झाले. ज्या दिवशी एकाला गाडी सांभाळणे जड झाले त्याच दिवशी शेकडोंना ते जड झाले. कापसाच्या गाड्या एकाच दिवशी बाजारात लोटल्या म्हणजे भाव कोणीकडे जातो हे वऱ्हाडात सांगण्याची आवश्यकता नाही. तेव्हा गाडी जगात दुर्मिळ, पण विक्रीच्या दिवशी मात्र मुबलक, असा तो विपरीत प्रकार झाला.

तिसरे कारण गिऱ्हाइकाच्या ठिकाणाचे. ज्यांना या गाड्यांचे कौतुक होते आणि किंमत देण्याची ऐपत होती ते संग्राहक इंग्लंड-अमेरिकेत होते. त्यांचे दलाल या देशात फिरले आणि पडेल भावात कित्येक उत्तम गाड्या जहाजांवर चढल्या. हा ओघ पाहून १९७० च्या दशकाच्या आरंभी सरकारने जुन्या मोटारी बाहेर नेण्यास आळा घातला. या निर्बंधाने वारसा वाचला. परंतु विकणाऱ्याच्या दृष्टीने पाहता पलीकडच्या तीरावरचा श्रीमंत बाजार त्याला बंद झाला. एकाच कायद्याने राष्ट्राचा लाभ आणि धन्याची हानी व्हावी, असे प्रसंग इतिहासात विरळा नाहीत.

हा दोष केवळ हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांचा होता असे मात्र कोणी समजू नये. मोल आणि दुर्मिळता यांच्या या झगड्याचे सर्वांत नामांकित उदाहरण फ्रान्सचे आहे. एत्तोर बुगाटी या कारागिराने १९२० च्या दशकाच्या अखेरीस खास राजांसाठी म्हणून ‘रोयाल’ नावाची गाडी निर्मिली. यंत्र जवळजवळ पावणेतेरा लिटरांचे. लांबी २१ फुटांच्या आसपास. २५ गाड्या बांधण्याचा संकल्प होता. बांधल्या गेल्या सहा. आणि त्या मंदीच्या काळात बाहेरच्या गिऱ्हाइकांनी घेतल्या त्या तीनच. तीनांपैकी एकही राजा नव्हता! त्यांतील एक गाडी हिंडत हिंडत न्यू यॉर्कच्या भंगारखान्यात पोहोचली. १९४६ साली एका मोटार-इंजिनियराने ती तेथून सुमारे ४०० डॉलरांस उचलली. दुसऱ्या दोन गाड्या १९५० साली ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकनाने बुगाटीच्या कन्येकडून घेतल्या, त्या थोडे फ्रँक आणि दोन नवीन शीतकपाटे यांच्या बदल्यात! जगात सहाच असलेल्या वस्तूची ही किंमत.

पुढे काळ पालटला. त्याच दोघींपैकी एक गाडी १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लिलावास निघाली आणि ५५ लाख पौंडांस गेली. दुसरी एका पिझ्झा-व्यापाऱ्याने ८१ लाख डॉलरांस घेतली आणि १९९१ मध्ये ८० लाखांस विकली. म्हणजे इतका गाजावाजा होऊनही हाती तोटाच आला. या उलथापालथीतून एकच निष्कर्ष निघतो : दुर्मिळता हा मोलाचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा भाग म्हणजे ती वस्तू हवी असणारा मनुष्य. आणि तो मनुष्य योग्य वेळी योग्य ठिकाणी उभा असेलच याची शाश्वती कोणासही देता येत नाही.

याच रोयाल गाड्यांत छायाचित्राचा महिमा सांगणारा एक प्रसंग आहे. पहिली विकली गेलेली गाडी एस्दर्स नावाच्या वस्त्रव्यापाऱ्याची होती. हा गृहस्थ रात्री गाडी चालवीत नसे, म्हणून तिला पुढचे दिवेच नव्हते. तिचा साटा बुगाटीचा पुत्र जाँ याने रेखिला होता आणि तो अतिशय देखणा होता. पुढच्या मालकाने तो काढून टाकला व दुसरा बसविला. मूळ साटा नष्ट झाला. उरली ती छायाचित्रे. त्यांच्या आधारे अनेक वर्षांनी त्याची प्रतिकृती उभारण्यात आली आणि ती फ्रान्समधील मुल्हाउसच्या संग्रहालयात ठेवली आहे. बाजाराने जे टाकून दिले ते तसबिरीने परत आणले.

आपल्याकडेही हाच न्याय दिसतो. दीनदयाळांच्या काचफलकांपैकी २,८५७ फलक १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतले आणि ते राष्ट्राचा ठेवा झाले. ज्या वैभवाची ती चित्रे, त्यातील कित्येक वस्तू मोडीत गेल्या. हत्तींच्या झुली विरल्या, गाड्यांचे पत्रे भंगारात वितळले. पण काचेवरची सावली मात्र सुरक्षित राहिली. वस्तूची तसबीर वस्तूहून अधिक काळ टिकली, आणि इतिहासकाराच्या दृष्टीने अधिक मोलाची ठरली.

जे वाचले ते बाजारामुळे नव्हे, तर बाजाराकडे पाठ फिरविणाऱ्या काही माणसांमुळे वाचले. १९६४ पासून दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या वतीने जुन्या मोटारींची मिरवणूक भरू लागली आणि जुनी गाडी ही भंगार नसून वारसा होय, ही जाणीव शहरांत रुजू लागली. मुंबईचे प्राणलाल भोगीलाल यांनी देशभर पडून राहिलेल्या गाड्या गोळा करून अहमदाबादेजवळ कठवाडा येथे त्यांचे मोठे संग्रहालय उभारले. १९७२ नंतरच्या काळात इतक्या मोठ्या संख्येने राजगाड्या देशातच राहिल्या यात त्यांच्यासारख्यांचा वाटा मोठा आहे. हैदराबादेत चौमहल्ला राजवाड्याचा जीर्णोद्धार झाला, २००५ साली तो लोकांस खुला झाला, आणि सिंहासन-मोटार दुरुस्त होऊन तेथे प्रेक्षकांसमोर उभी राहिली. १९१२ च्या त्या गाडीने २०१२ मध्ये शंभरी गाठली. आज तिच्यासमोर उभे राहून सामान्य कुटुंबे छायाचित्रे काढतात. ज्यांच्या पूर्वजांस ती लांबूनही पाहता आली नसती, त्यांच्यासाठी ती एवढी वर्षे राखली गेली असे म्हटल्यास ते अगदीच चूक ठरणार नाही.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षांची आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये. प्रदर्शन, मिरवणूक अशा प्रसंगीच ती रस्त्यावर आणावी. रोजच्या वापरास वा धंद्यास ती चालणार नाही. कायद्यानेही अखेर मान्य केले की ही वस्तू आता वाहन राहिली नाही. ती पोळ्याचा बैल झाली आहे. वर्षातून एकदा तिने शृंगारून निघावे आणि लोकांनी तिला पाहावे, एवढेच तिचे कार्य.

असा पोळा महाराष्ट्रात एका ठिकाणी प्रत्यक्ष भरतो. १९०८ साली ज्या कोल्हापूरच्या वाटेवर मोटारींची कसोटी लागली होती, त्याच कोल्हापुरात दसऱ्याच्या दिवशी छत्रपतींच्या घराण्यातील मंडळी एका जुन्या मेबॅक मोटारीतून सीमोल्लंघनाच्या सोहळ्यास येतात. ही जर्मन गाडी राजाराम महाराजांच्या काळातील. संस्थान गेले, तनखा गेला, परंतु ती गाडी विक्रीस निघाली नाही. दसऱ्याच्या सायंकाळी चौकात जमलेला जनसमुदाय ती पाहतो, तिची छायाचित्रे घेतो आणि आपट्याची पाने वाटून घरी जातो. लिलावात तिचे किती येतील हा प्रश्न त्या गर्दीत कोणाच्या मनात येत असेल असे वाटत नाही. ज्या वस्तूचे गावाशी नाते जुळते तिला गिऱ्हाईक लागत नाही. आणि जिचे कोणाशीच नाते नसते तिला गिऱ्हाईक मिळत नाही.

निजामाच्या ६० गाड्या आणि कोल्हापूरची ही एक गाडी यांतील अंतर हेच आहे. त्या साठांना छपराखाली कोंडून संपत्ती म्हणून जपले गेले, आणि संपत्ती म्हणूनच त्या नापास झाल्या. या एकीला लोकांसमोर आणून परंपरा म्हणून जपले गेले, आणि म्हणून तिच्या मोलाची चर्चाच उरली नाही. ३५६ मैल धावलेली गाडी यंत्रदृष्ट्या जवळजवळ नवी असेल. परंतु न वापरलेल्या वस्तूस आठवणी नसतात, आणि आठवणींवाचून जुनी वस्तू केवळ जुनी असते.

ढाणकीच्या शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. बाजारात ज्याचे दात पाहून किंमत शून्य ठरेल असा एखादा थकलेला बैल तो पुष्कळदा विकीत नाही. त्याने अमुक वर्षी दुष्काळात औत ओढले, अमुक पावसाळ्यात पुरातून गाडी बाहेर काढली, हे त्याला स्मरते. पोळ्याच्या दिवशी त्या बैलाच्या शिंगांना तो पहिल्याने बेगड लावतो. हा शृंगार फसवा नव्हे, कारण तो विकण्यासाठी केलेला नसतो. संस्थानी मोटारींच्या तसबिरी पाहताना एवढा विवेक राखला म्हणजे पुरे. त्यांतील चकाकी खरी आहे. तिच्या बदल्यात बाजाराने काय दिले हेही खरे आहे. आणि त्या चकाकीचा मूळ खर्च काळ्या मातीतून, कापसाच्या बोंडांतून आणि खंडाच्या रुपयांतून आला, हेही तितकेच खरे आहे. तसबिरीत गाडी दिसते. ती माती दिसत नाही. इतिहासाचे काम ती दाखविणे हेच होय.